एकदाच जमलेली काच

भालचंद्र सरांनी भट्टीचं दार उघडलं, तेव्हा सबिहाने आत बघितलंच नाही. तिने सरांचा चेहरा बघितला आणि ती समजली. मुशीतली काच पुन्हा पिवळट, गढूळ झाली होती.

हवी होती लालसर काच. मंद प्रकाश गिळायचा आणि प्रखर प्रकाशाला वाट द्यायची, हा तिचा गुण. तिची चकती फायबर लेझरच्या वाटेत ठेवली की सलग किरण तुटून त्याचे अतिसूक्ष्म स्पंद होतात. जालन्याच्या या कॉलेजात तशी काच एकदाच झाली होती, तीही लाइट गेली म्हणून. काच बंद भट्टीत आपल्या मनाने निवत गेली आणि तिच्यातले सोन्याचे कण नेमके हवे तेवढे वाढले. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती चकती चालली, पण चाचणीतच मधोमध जळाली. तेव्हापासून गुरू-शिष्या लाइट जाण्याची नक्कल करत होते. कधी बटण लवकर बंद करत, कधी उशिरा.

शिपाई मच्छिंद्र एरवी म्हणायचा, "सर, कमजोराला गिळायचं आन् जोरदाराला सोडायचं, त्यासाठी काच कशाला बनवून राह्यले? तसली माणसं नवीन जालन्यात ढीगभर हायेत." आज त्याने नुसताच झाडू उचलला.

तेवढ्यात पुण्याहून राजानंद सरांचा फोन आला. चाचणी त्यांनीच घेतली होती.

"लेख आज पाठवतोय. एका ओळीशी अडलोय. काच पुन्हा जमते, असं लिहू ना?"

लेख छापून आला नाही, तर सबिहाचा प्रबंध मुदतीत जाणार नव्हता. सरांनी फोनवर तळहात धरला.

"हो म्हणून टाका, सर," सबिहा हळूच म्हणाली. "एकदा तर बराबर झाल्ती ना?"

"उद्या कुणी बनवून बघितली तर?"

"जालन्याची काच कोण बनवून बघतंय, सर?"

सरांना आयुष्यात कशाचीच खात्री वाटली नव्हती. पाठ असलेलं सूत्रही ते वर्गात जाण्याआधी पुस्तकात बघून घेत. ती काच कुणी बनवून बघणार नाही, नेमकं या एका गोष्टीबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती, आणि ते त्यांना फार वाईट वाटलं.

"नाही," ते फोनवर म्हणाले. "एकदाच जमली. पुन्हा करता येत नाही आम्हाला."

"मग अवघड आहे, सर. लेख थांबवतो."

सबिहाने हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "अम्मी कधीची आष्टीच्या शाळेतल्या नोकरीचं म्हणून राह्यली. जाते मंग."

"अजून एकदा…" सर बोलायला गेले. पण सोन्याचा क्षार आजच संपला होता आणि ते तिलाही माहीत होतं.

"तुम्ही बराबर बोलले, सर."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"दहावीच्या पोरींना प्रकाश शिकवायचं एखादं सोपं पुस्तक असंल तर द्या. तिथं कामाला येईल."

सर कपाटाकडे वळले. पुस्तक समोरच्याच फळीवर होतं. तिच्याकडे पाठ करून ते बराच वेळ शोधत राहिले.