महिपतीची मूठ

तिकोणा पेठेला भैरोबाच्या जत्रेत कुस्त्यांच्या आधी एक खेळ असे. गुरव देवापुढची सुपारी महिपतीच्या उजव्या हातात ठेवायचा, महिपती मूठ मिटायचा, आणि ज्याच्या मनगटात जोर असेल त्याने दोन्ही हातांनी ती मूठ उघडून सुपारी काढायची. निघाली तर मानाचा नारळ त्याचा. एकोणीस वर्षांत ती कुणाला निघाली नव्हती. नारळ दरसाल महिपतीच्या घरी जाई, आणि तो त्याला एकट्यालाच खावा लागे. बायको शालूबाई जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि मागे पोरबाळ नव्हतं.

महिपती अबोल माणूस. बांधावर कुणी भेटलं तर रामराम करायचा आणि पुढच्याने काही विचारायच्या आत वाटेला लागायचा. मग घरी येऊन, दोन घटका थांबलो असतो तर काय बिघडलं असतं, म्हणून स्वतःवरच चिडायचा. अशा माणसाचं गावाने तरी काय करावं? गाडी रुतली की गाव त्याला बोलवी, गाडी निघाली की विसरे. वर्षभर त्याच्या हाताला माणसाचा हात लागत नसे. जत्रेला मात्र रांग लागायची.

त्या रांगेपायी शालूबाई गेल्यापासून तो एक लबाडी करत आला होता. समोरचा गडी दमत आला की तो करंगळी केसभर सैल सोडायचा. गड्याला हुरूप यायचा. "निघतीया, निघतीया," म्हणत तो गुडघा टेकून पुन्हा भिडायचा, धापा टाकत विचारायचा, "आबा, खाता तरी काय वो?" महिपती म्हणायचा, "नाचनी." एवढंच बोलणं, पण ते त्याला पुढे सबंध पावसाळा पुरायचं. करंगळी पुन्हा मिटायची. एकेक गडी असा घटका-घटका त्याचा हात धरून बसे. त्या धरण्याची त्याला नारळापेक्षा गोडी होती, आणि हे त्याने भैरोबालाही कधी सांगितलं नव्हतं.

घाटात विजेची इंजिनं आली, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. दिवाळीपासून महिपतीची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वळू लागलं. कातडीखाली सुतळीसारखी एक गाठ धरली होती. दुखत नव्हतं, पण बोटं सरळ होईनात. माघात मधलं बोटही त्यांना जाऊन मिळालं. तो डाव्या हाताने भाकरी थापायला शिकला, आणि डाव्या हाताच्या भाकरीवर आपलं आपणच हसला. गावात कुणाला कळलं नाही. कळायला घरात कुणीतरी असावं लागतं.

जत्रा जवळ आली तशी त्याला काळजी लागली. मुठीची नव्हे; ती आता लोहाराच्या सांडशीलाही दाद देणार नव्हती. करंगळी सैल कशी सोडायची, ही काळजी.

गुरवाने दिलेली सुपारी त्याने अंगठ्याकडून आत सरकवली. पहिला आला बहिरू, लोणावळ्याच्या स्टेशनातला सांधेवाला. रोज रूळ बदलायचे लोखंडी खटके ओढणारा गडी. त्याने करंगळीत बोट अडकवून ओढलं, पुन्हा ओढलं, आणि पाच श्वास झाले नाहीत तोच हात सोडला.

"दगूड हाय," तो मागच्यांना म्हणाला. "जरा बी हालत न्हाई."

"आजून वाईच बघ की," महिपती म्हणाला.

एकोणीस वर्षांत तो आपणहून पहिल्यांदाच बोलला होता. बहिरूला वाटलं, म्हातारा डिवचतोय. तो हसत हसत निघून गेला.

मग डोंगरवाडीचा कोंडू आला. मधासाठी दोराने कड्याला लोंबकळणाऱ्या कोंडूचे हात काही साधे नव्हते, पण त्यानेही दोनदा हिसका दिला आणि कपाळाला हात लावून नमस्कार केला. तेवढं बघून बाकीची रांग आपसूक विरघळली. जिथे बोटभर आशा नाही, तिथे कोण थांबतो?

भिमाजी पाटील उठून उभे राहिले. मोठ्या मनाचा माणूस. म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हनत्यात, ती ही बगा. आता ह्या मुठीला कुनी हात घालायचा न्हाई. नारळ दरसाल आबांच्या घरी पोचता हुईल. आबांनी हितवर यायची तसदी घेऊ नये."

लोकांनी महिपतीच्या डोक्यावर गुलाल टाकला. त्याला रडू आलं, आणि लोकांना वाटलं आनंदाचं आहे. हा जोर नाही, दुखणं आहे, असं सांगावं का? पण सांगून काय, नाव गेलं असतं, आणि रांग काही परत आली नसती. त्याने अंगठ्याने सुपारी बाहेर ढकलून ताटात टाकली. तोवर हलगी वाजली आणि सगळे कुस्त्यांकडे पळाले.

उंबराखाली लोणावळ्याची रतनबाई कासारीण बांगड्या मांडून बसली होती. शालूबाई तिच्याकडूनच बांगड्या भरायची. महिपती तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"भाऊ, कुनाला भरायच्यात?"

"कुनाला न्हाई," म्हणून तो खाली बसला आणि त्याने आपली मूठ तिच्यापुढे धरली.

शेजारी बसलेल्या बाया पदराआड हसल्या. रतनबाई हसली नाही. जन्मभर परक्या बायांचे हात दाबून दाबून मऊ केलेली बाई ती. तिने मूठ आपल्या गुडघ्यावर घेतली, तेलाचा थेंब सोडला आणि बांगडी चढवण्याआधी दाबतात तशी एकेक पेर दाबू लागली.

"कवापास्नं हाय ह्ये?"

"दिवाळीपास्नं."

"आन कुनाला दावला न्हाई हात?"

"समद्या गावानं बगितला की आज."

तिने तळव्यातली गाठ चोळली, करंगळी हळूच वर उचलून पाहिली. करंगळी उचलली गेली नाही.

"न्हाई उघडायचा ह्यो माज्याच्यानं," ती म्हणाली. "लोणावळ्याला डागदर हाय, त्येला दावा."

"दावीन."

तिने तेल पुसायला फडकं घेतलं आणि हात सोडायला लागली.

"सोडू नगं, रतनबाई," महिपती म्हणाला. "न्हाई उघडला तर ऱ्हाऊ दे. वाईच धरून बस."

समोर एक बाई हात पुढे करून खोळंबली होती. रतनबाई तिला म्हणाली, "तू बस गं जरा. ह्या हाताला येळ लागंल." आणि तिने तेलाची बाटली पुन्हा जवळ ओढली.