आधी नाक, मग बाकीचं

आमची भोंगा गेली त्या सकाळी गोठ्यात एवढी शांतता होती, की मला वाटलं माझेच कान गेले. धारांच्या आधी हंबरून हंबरून सगळं घर उठवायची बया, म्हणून तर नाव भोंगा. सासूबाईंनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलेली. मागच्या वर्षी सासूबाई गेल्या, आणि आता ही. सासरे तिच्या मानेवर हात ठेवून नुसते बसून होते.

"बाबा, उठा आता," मी म्हटलं. "पुढचं बघायला हवं."

पूर्वी पुढचं सोपं होतं. विहिरीमागच्या पट्ट्यात खड्डा खणायचा, झालं. पण यंदा नवऱ्याने तिथे खणायला घेतलं, तर गुडघ्याइतक्या खड्ड्यातच पाणी लागलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "इथे पुरलंत तर तेच विहिरीतून प्याल. मेलेली जनावरं नेणारी गाडी बोलवा."

"ती गाडी कुठे जाते ते ठाऊक आहे मला," बाबा म्हणाले. "कारखान्यात. दळायला. माझ्या अंगात जीव आहे तोवर भोंगा दळायला जाणार नाही."

मग डॉक्टरांनी तिसरी वाट सांगितली. लाकडाच्या भुशाचा जाड थर घालायचा, त्यावर जनावर ठेवायचं आणि वरून आणखी भुसा रचायचा. आत सगळं तापतं आणि काही महिन्यांत माती होते. फक्त वरचा थर उघडा पडता कामा नये. वास सुटला, कुत्री आली, की तपासनीस येणार आणि गाडी बोलावणार.

"म्हणजे उकिरड्यावर टाकणार तिला," बाबा म्हणाले.

"उकिरडा नाही हो तो!"

"मग काय म्हणायचं त्याला?"

माझं डोकं फिरलं. "खड्डा होत नाही, गाडी तुम्हाला नको, मग काय उशाशी घेऊन झोपता तिला?" बोलून गेले आणि जीभ चावली. पण बोललेलं थोडंच परत गिळता येतं!

शेवटी तिला भुशाच्या थरावर ठेवलीच. झाकण्याआधी डाव्या कुशीत सुरीने टोचावं लागतं, नाहीतर पोट फुगून ढीग फाटतो. नवऱ्याला नेमकं तेव्हाच ट्रॅक्टरचं काहीतरी आठवलं. टोचलं मीच. बाबा कुंपणापाशी उभे राहून बघत होते. मी वळून पाहिलं तेव्हा पाठ फिरवून चालले होते.

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. बाबा गोठ्यातही पाय ठेवेनात. चहा आपला आपण करून प्यायचे, तोही अगदी फुळकवणी. या घरात आले तेव्हा मी गाईच्या शेपटीलासुद्धा घाबरायचे. माझा हात धरून धार काढायला शिकवली ती याच माणसाने. त्यांच्यासाठी एवढा आटापिटा केला आणि मीच वाईट! राग येत होता नुसता.

तशात एका सकाळी ढिगाच्या एका टोकाला खळगा दिसला. कुत्री, दुसरं कोण! मी शिव्या घालत बुजवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच, आणखी खोल. असंच चाललं तर गाडी येणार हे ठरलेलंच. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता काठी घेऊन गेले, तर बाबा गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी भुसा उपसत होते.

"बाबा! अहो, तुम्हीच तिला गाडीत घालायला निघालात का?"

ते दचकले. स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "नाक," म्हणाले. "नाक मोकळं करत होतो."

माझ्या हातातली काठी खाली गेली. गाय व्याली आणि वासरू पडलं की आधी नाक पुसायचं, हे त्यांनीच मला शिकवलेलं. आधी नाक, मग बाकीचं. किती वासरांना त्यांनी असा पहिला श्वास दिला असेल.

"मला वेड नाही गं लागलेलं," ते म्हणाले. "गेली ते कळतंय. पण इथे आलं की वाटतं, तोंडावर केवढा भार तिच्या. मग हात ऐकत नाहीत."

मी तिथेच त्यांच्याशेजारी बसले आणि ढसाढसा रडले. "बाबा, त्या दिवशी ते टोचताना माझे हात लटलट कापत होते हो."

"बघितलं ना. तरी जागा बरोबर धरलीस."

मग डोळे पुसून मी म्हटलं, "आता झाकायला हवं, बाबा. तुम्हीच झाका."

त्यांनी झाकलं. मी फावडं देत होते, त्यांनी घेतलं नाही. ओंजळीओंजळीने टाकत गेले. मग मी लोखंडी सळई ढिगात खोल खुपसली, जरा थांबून बाहेर काढली आणि त्यांच्या हातात दिली. ढीग नीट चाललाय की नाही, हे असंच बघायचं असतं.

"अगं, गरम आहे!" सळई निवेपर्यंत त्यांनी ती दोन्ही मुठींत धरून ठेवली. "थंडीत तुझी सासू हिच्या पोटाला टेकून बसायची. म्हणायची, शेगडी नको मला."

पलीकडे गोठ्यात गाई निवांत रवंथ करत बसल्या होत्या. त्यांना उठवायला आता कोणी नव्हतं. बाबा उठले, गुडघे झटकले, गोठ्याच्या दाराशी गेले आणि एवढ्या मोठ्याने हाळी घातली, की माझा नवरा अंथरुणातून धडपडत बाहेर आला.

"बघत काय बसलीस?" ते मला म्हणाले. "धारा मी बघतो. तू चहा टाक. माझाही."