पांढऱ्या कड्यातले डोळे

धुकं खालून वर चढत होतं. खाली दक्षिण केनियाचं तांबडं, तहानलेलं, काटेरी माळरान. त्या माळरानातून एकटाच उठलेला पर्वत. आणि पर्वताच्या माथ्यावर मेघसिक्त, शेवाळश्यामल अरण्य. शुभ्र धुकं, संथ धुकं, झाडाझाडाला चाचपत चढणारं धुकं. अरण्य कसलं, तासाभरात चालून संपावं एवढंच ते आता उरलं होतं.

तिथे एक गाणारं पाखरू राहतं. हरितपृष्ठ, पीतकंठ, पोटाशी धूसर. वजनाला म्हणाल तर मूठभर चुरमुरे. आणि डोळ्यांभोवती रेशमी पिसांचं पांढरंशुभ्र कडं. आपल्याकडे जास्वंदीत बागडणाऱ्या चष्मेवाल्याचंच हे गोत्र, पण याचं कडं इतकं रुंद, की हे सदाचंच भेदरलेलं दिसतं. खाताना भेदरलेलं, गाताना भेदरलेलं, जोडीदाराला खेटून बसतानाही भेदरलेलं.

विद्वानांत यावरून जुना तंटा होता. कुणी म्हणे, पलीकडच्या पर्वतावरच्या पाखरांचाच हा फाटा. कुणी म्हणे, छे, ही जातच वेगळी. वेगळी असेल, तर साऱ्या पृथ्वीवर ती फक्त याच माथ्यावर, याच धुक्यात, याच मोजक्या झाडांत. पाखराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, ते एक बरं.

तंटा मिटवायला रत्नागिरीची ऋजुता केळकर आली होती. सोबत वाकेशो, तिच्याच बरोबरीची पक्षिशास्त्रज्ञ, याच डोंगरावर वाढलेली. सकाळी दोघींनी झाडांमधून तलम जाळं ताणलं, आणि थोड्या वेळाने त्यात एक नर अडकून लोंबू लागला. पंख मोजायचे, कडं मोजायचं, पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि सोडून द्यायचं. जातीचा निवाडा त्या थेंबात होता.

पाखरू मुठीत आलं आणि ऋजुता हरखून गेली. तिने कडं मोजलं. विश्वास बसेना, पुन्हा मोजलं. असं कडं, एवढं कडं, चंद्राच्या खळ्यासारखं कडं! तिने तिसऱ्यांदा पट्टी लावली.

"ऋजुता, पुरे. घाबरलाय गं तो," वाकेशो म्हणाली.

"अगं, याचा चेहराच तसा आहे," ऋजुता हसली आणि तिने सुई उचलली.

हसू ओठांवरच होतं, तोवर बोटांना कळलं. मघापासून अखंड थरथरणारं ते इवलं हृदय आता अडखळत होतं. चोच उघडली. मान कलली. डोळे मिटले, आणि नुसतं पांढरं कडं मागे राहिलं.

मग भीती आली. थंड भीती, ओली भीती, बोटांतून मनगटात आणि मनगटातून कंठात चढणारी भीती. जात वेगळी असेल, तर अशी कितीशी उरली असतील? थेंब सांगेल. पण थेंबासाठी सुई टोचावी लागेल, आणि सुई टोचली तर हा जाईल. आपण काय मारलं, ते याला मारूनच कळणार! ऋजुता इतकी घाबरली, की आपण शास्त्रज्ञ आहोत हेच विसरली. तिने सुई खाली ठेवली.

"ओंजळ कर, ऊब दे त्याला," वाकेशोचाही आवाज कापत होता.

ऋजुताने ओंजळ छातीशी धरली. "नको रे राजा," ती मराठीत पुटपुटली, "नको ना जाऊस."

धुकं थांबलं. पानं थांबली. तेवढ्यात वरून किणकिण आली, बारीक, आर्त, ओली किणकिण. दोघींनी मान वर केली. त्याचा थवा पळालाच नव्हता. फांदीफांदीवर पांढरी कडी, कड्याकड्यात काळेभोर डोळे; एकेक पाखरू एकेक फांदी खाली उतरत होतं. सगळी भेदरलेली, आणि एकही जात नव्हतं.

ओंजळीत काहीतरी हललं. एका नखाने तिचं बोट धरलं. आतून एक क्षीण किणकिण निघाली, आणि वरून सगळी एकदम बोलली. ऋजुताने ओंजळ उघडली. क्षणभर काहीच झालं नाही, आणि तो क्षण तिला फार लांब वाटला. मग हिरवा एक फडफडाट धुक्यात शिरला.

"रक्त राहिलं," वाकेशो हळूच म्हणाली.

"राहू दे," ऋजुता म्हणाली.

वर फांदीवर सगळी एका ओळीत, अंगाला अंग लावून बसली होती. त्यातला आपला कोणता, हे ऋजुताला ओळखता येईना. ती बघत राहिली. मग एकाची मान तिला दिसली, पिसं विस्कटलेली, तिच्याच बोटांनी विस्कटलेली. डावीकडचा त्याला बिलगला, उजवीकडचा बिलगला, आणि दोघं मिळून, चोचीने, हळूहळू, त्याचं एकेक पीस सारखं करत राहिले.