बंद यानातला कूलर

मित्रांनो, गच्चीवर बूड गेलेला लोखंडी डबा दिसतोय ना? तो मी. एक जुना कूलर. नागपूरला इंदोऱ्यात, देवरावांच्या घरी मी १९६६ साली आलो. इतवारीतल्या लोहाराने माझा पत्रा ठोकला, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या बसवल्या, आत पंखा आणि खाली पाण्याची टाकी. मे महिन्यात सारं घर माझ्यासमोर येऊन बसायचं. पाहुणे तर यजमानांच्या आधी मलाच भेटायचे! हिवाळ्यात मात्र माझा पंखा काढून ठेवत आणि मग मला कोणी विचारत नसे.

अपवाद एकच. देवरावांची थोरली प्रेमिला. ती रिकाम्या डब्यात शिरायची आणि तोंडाने घर्रर्र आवाज काढायची.

“निघ वं त्या डब्यातून! फ्रॉकले गंज लागन,” तिची आई कांताबाई ओरडायची.

“आई, मी चंद्राजवळ पोचून राहिली!”

“मंग येताना मीठ घेऊन ये. घरचं संपलं.”

तीन वर्षांनी माणूस खरंच चंद्रावर उतरला. प्रेमिला दिवसभर शेजाऱ्यांच्या रेडिओला कान लावून बसली. तिच्या डोक्यातलं यान त्यानंतर खाली आलंच नाही. मोठी होऊन ती शिक्षिका झाली आणि यानांच्या कथा लिहू लागली. साऱ्या परत आल्या. १९७८ च्या उन्हाळ्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी आणखी एक कथा मागवली. ही परत आली तर लिहिणं बंद, असं प्रेमिलाने घरात जाहीर करून टाकलं.

ती माझ्यासमोरच लिहायची. म्हणूनच असेल, कथेत मीही गेलो. यान सूर्याजवळून चाललेलं, आतली माणसं उकाड्याने हैराण, आणि प्रेमिलाने बिनधास्त यानात कूलर लावून दिला! मी फुगलो, खोटं कशाला सांगू?

कथा तिने धाकट्या बहिणीला, सुमतीला वाचून दाखवली.

“ताई, यानाची खिडकी कोनती उघडी ठेवली वं?”

“वेडी आहेस काय? तिथं खिडकी उघडली तं सारे मरतीन!”

“मंग कूलर काहून लावला? खिडकी बंद ठेवून कूलर कोन लावते? पापडासारखे सादळून जातीन तुझे अंतराळवीर!”

नागपूरचं शेंबडं पोरही समोरची खिडकी उघडल्याशिवाय कूलर लावत नाही, आणि आमची प्रेमिला चुकली होती. दुसऱ्या दिवशी कथा टपालात पडायला हवी होती. तिने उठून दारं-खिडक्या लावल्या आणि मला सुरू केलं. थोड्याच वेळात अंग चिकट झालं, कागद मऊ पडले.

“काय वं पोरीहो, हांडा सांडला काय घरात?” कांताबाई दारातूनच म्हणाल्या.

प्रेमिलाचं लक्ष सुमतीच्या हातातल्या बर्फाच्या पाण्याच्या पेल्याकडे होतं. पेल्याला बाहेरून थेंब धरले होते. “सुमे, यानाची सावलीतली भिंत अशीच गार राहीन ना?” असं म्हणून तिने कथेची शेवटची पानं फाडली. नव्या शेवटात यानातलं प्यायचं पाणी गळून जातं, आणि कूलरने दमट केलेल्या हवेचे थेंब गार भिंतीवरून पुसून, पिळून माणसं जगतात.

ती कथा छापून आली. प्रेमिला आजही लिहिते. १९८४ मध्ये आपला माणूस अंतराळात गेला, तेव्हा शाळेतल्या पोरी तिच्याभोवती गोळा झाल्या होत्या.

माझं काय झालं? कथा टाकायच्या धांदलीत आणि मग ती स्वीकारल्याचं पत्र आल्याच्या आनंदात, त्या पावसाळ्याआधी माझी टाकी उपसायची राहून गेली. यानातल्या माणसांनी एक थेंब सोडला नाही. माझ्यातलं पाणी चार महिने तसंच साचून राहिलं आणि बूड खाऊन गेलं. प्रेमिलावर माझा राग नाही. पण मित्रांनो, उन्हाळा सरला की कूलरची टाकी उपसा, फडक्याने कोरडी पुसा. कथा त्यानंतर टपालात टाकली तरी चालेल.