शेवटच्या फेरीत वाट कुणाची

त्या हंगामात मी नागानोला गेले, कॅल्गरीला गेले, हामारला गेले, पोलंडला गेले, आणि स्केटिंगच्या एकाही शर्यतीत उतरले नाही. मी राखीव होते. म्हणजे दर वेळी गुडघ्याला बाशिंग बांधून तयार राहायचं आणि लग्न दुसरीचं. सायकलवर पाय गरम करायचे, शर्यतीचा तो अंगाला चिकटणारा पोशाख चढवायचा, स्केट्सच्या नाड्या आवळायच्या आणि कोचच्या तोंडाकडे बघत बसायचं. आमच्यापैकी कुणी पडलं, कुणाच्या पोटात दुखलं, तर मी. पण आमच्या मुली मेल्या धडधाकट. चार महिन्यांत कुणाला साधी शिंक आली नाही.

दर शर्यतीनंतर आईचा फोन यायचा. ती आमच्या गावात, फ्रीसलँडमध्ये बोल्सवर्टच्या जवळ, पावाच्या दुकानात काम करते.

"हिस्के, उतरवलं का गं या वेळी?"

"नाही."

"मग तुला नेतात कशाला इतक्या लांब? विमानाला वजन कमी पडतं का?"

"आई, ठेवते मी फोन."

"ठेव. इथे सकाळी हात कमी पडतात, एवढं लक्षात असू दे."

ती थट्टा करत होती, पण मला झोंबायचं, कारण ते खरं होण्यासारखं होतं. मी एकोणतीस वर्षांची. मार्चमध्ये माझा करार संपत होता. संघाने जानेवारीतच स्वच्छ सांगितलं होतं की जागतिक स्पर्धेत नाव लागलं तर पुढचं वर्ष, नाही तर राम राम. आणि शर्यतच मिळत नाही तर नाव लागणार कुठून? बरं, हे बोलायचं कुणाशी? बोललं की म्हणणार, राखीवला तोंड फार.

मला बसवेना, झोपवेना. हॉटेलच्या खोलीत मी पात्यांना धार लावत बसायची. पाती कालच घासलेली, बर्फाला लागलेलीसुद्धा नाहीत, तरी दोन्ही स्केट्स धार लावायच्या चौकटीत अडकवून दगड फिरवायचा, मग नख पात्यावर ओढून बघायचं. नखाचा बारीक भुगा पडला की घटकाभर बरं वाटायचं.

"अगं, पुरे," लोन्नेके म्हणायची. ती माझ्या खोलीत असायची, पंधराशे मीटरची आमची तिसऱ्या क्रमांकाची मुलगी. "अशाने पाती संपतील तुझी, आणि तू कोरीच राहशील."

"तू झोप. उद्या शर्यत तुझी आहे."

"तू घासत बसल्यावर झोप कशी येणार? दात शिवशिवतात माझे."

वाईट नव्हती ती. पण ती सकाळी उठली की मी पहिल्यांदा तिचा चेहरा बघायची, काही दुखतंय का म्हणून. मला माझी लाज वाटायची आणि तरी मी बघायची.

आता वाटेचं सांगते, कारण सगळं तिथेच झालं. आमच्या खेळात एका वेळी दोघी बर्फावर असतात, एक आतल्या लेनमध्ये, एक बाहेरच्या. प्रत्येक फेरीत समोरच्या सरळ पट्ट्यावर दोघींनी लेन बदलायची. तिथे दोघी एकदमच पोचल्या तर वाट बाहेरून येणारीची. आतून येणारीने सोडायचं. फ्रीसलँडमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण वीबे, म्हणजे आमचा कोच, त्याच्या सरावात कायदा वेगळा होता. जिची शर्यत त्या आठवड्यात आहे तिची लय मोडता कामा नये. म्हणून वाट सोडायची ती राखीवने. आतून येवो, बाहेरून येवो.

"हिस्के, सोड," तो कडेवरून ओरडायचा. मी अंग उचलून सरळ उभी व्हायची, वाऱ्याला छाती द्यायची, वेग पडायचा, लोन्नेके पुढून निघून जायची. आठवड्यातून चार दिवस, दिवसाला दहा-बारा वेळा. डिसेंबर उजाडेपर्यंत त्याला ओरडावंही लागेना.

पोलंडमध्ये एकदा माझं डोकं फिरलं.

"वीबे, नियमाने वाट माझी होती."

"नियम रविवारी असतो," तो हातातल्या घड्याळावरून नजर न काढता म्हणाला. "आज मंगळवार आहे."

बाकीच्या हसल्या. मीही हसले, काय करणार?

हंगामाची शेवटची स्पर्धा हीरनवीनला होती, आमच्या घरच्या बर्फावर. त्या सकाळी लोन्नेके न्हाणीघरातून बाहेर येईना. मी दार वाजवलं. आत ती ओकत होती. अर्ध्या तासाने भिंतीला धरत बाहेर आली, तोंड पांढरंफटक, आणि पलंगावर पडून म्हणाली, "वीबेला सांग. मला उभंही राहवत नाही."

मी तिला पाणी दिलं, बादली जवळ ठेवली आणि जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. इतका की खाली पोचल्यावर चेहरा आधी सरळ करावा लागला.

वीबेने ऐकून घेतलं. "दोन जागा भरल्यात," तो म्हणाला. "जागतिक स्पर्धेची तिसरी लोन्नेकेची होती. आज तू पहिल्या आठांत आलीस तर तुझी. एरवी निवड समिती दुसऱ्या कुणाला घेईल. समजलं?"

"समजलं."

"खाऊन घे काहीतरी."

मी सरळ सायकलवर जाऊन बसले.

माझी जोडी नॉर्वेच्या सोलवरशी पडली. वीस वर्षांची पोर, त्याच हंगामात वर आलेली, गालावर मुरुमं. ती आत, मी बाहेर, म्हणून माझ्या दंडावर लाल पट्टी. बारा हजार माणसं नारिंगी कपड्यांत, पितळी वाद्यांचा गलका, आणि निवेदकाने माझं नाव घेतल्यावर उठलेला तो आवाज. चार महिने मी हे दुसऱ्यांच्या नावाला ऐकत होते. बंदुकीचा आवाज झाला आणि मी पुढे झेपावले.

पहिल्या बदलाला मी बाहेरून आले, सोलवर मागे होती, काही अडचण आली नाही. दुसऱ्या वेळी मी आतून गेले. मांड्या पेटायला लागल्या होत्या, पण वीबे फळ्यावर फेरीच्या वेळेचे आकडे दाखवत होता आणि आकडे चांगले होते. शेवटच्या फेरीची घंटा वाजली. बाहेरच्या वळणावरून मी सुटले आणि डाव्या बाजूला मला तिच्या पात्यांची करकर ऐकू आली. आम्ही खांद्याला खांदा लावून होतो. वाट माझी होती. मला ते माहीत होतं, बारा हजार माणसांना माहीत होतं.

आणि मी उठले. ती अजून तिच्याच लेनमध्ये होती, वळलीसुद्धा नव्हती. कुणी ओरडलं नाही, कुणी आडवं आलं नाही. माझी पाठ आपोआप सरळ झाली, हात खाली गेले, आणि मी तिला जाऊ दिलं. सोलवरने एकदा माझ्याकडे बघितलं आणि ती पुढून निघून गेली. मग डोक्यात उजेड पडला की आज मंगळवार नाही. पण वेग एकदा पडला की पंधराशेच्या शेवटी तो परत येत नाही.

एक मिनिट सत्तावन्न. तेरावी. सोलवर त्या घडीला सातवी.

मी कडेच्या गादीला टेकले. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. तेवढ्यात वीबे धावत आला, मी त्याला कधी धावताना बघितलं नव्हतं.

"तक्रार केलीय," तो म्हणाला. "वाट तुझी होती. ती घुसली. तिला बाद करतील आणि तुला पुन्हा धावू देतील. चल."

"वीबे, ती..."

"चल म्हटलं ना."

मुख्य पंच एक वयस्कर पोलिश बाई होत्या. त्यांच्या खोलीत पडद्यावर आम्ही दोघी पुन्हा पुन्हा त्या पट्ट्यावर येत होतो. कॅमेरा समोरून होता. त्यात दोघी चिकटून दिसत होत्या, माझा वेग तुटलेला दिसत होता. आधी काय झालं आणि मग काय, ते कळत नव्हतं.

"एकच विचारते," बाई म्हणाल्या. "तुम्ही थांबलात. ते तिच्यामुळे?"

वीबेने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हंगामात पहिल्यांदाच. मला लोन्नेकेची बादली आठवली, आईचं दुकान आठवलं, आणि "हिस्के, सोड, हिस्के, सोड" हे चार महिने कानांत वाजत असलेलं. संताप इतका आला की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या हक्काची वाट मी एकदा तरी घेणार होते की नाही?

"हो," मी म्हणाले. "ती आडवी आली."

बाईंनी कागदावर लिहिलं.

सगळ्या जोड्या झाल्यावर मी एकटीच उतरले. शेजारी कुणी नव्हतं, वाट कुणाला द्यायची नव्हती. लोकांना वाटत होतं माझ्यावर अन्याय झालाय, त्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. मी आयुष्यात इतकी चांगली धावले नव्हते, हे मात्र खोटं नाही. एक मिनिट पंचावन्न, अठ्ठावीस शतांश. आठवी, सहा शतांशांनी. सोलवरच्या नावापुढे फलकावर आकडे नव्हते, नुसती आडवी रेघ होती.

वीबेने मला मिठी मारली. आईचा फोन आला, ती रडत होती, दुकानातल्या सगळ्या बायका मागून ओरडत होत्या. मी "हो, हो" म्हणत राहिले. एका हाताने मी स्केट्सच्या नाड्या सोडवायला लागले.

फोन ठेवला तर सोलवर समोर उभी. कपडे बदललेले, पिशवी खांद्याला. डोळे सुजलेले होते. मला वाटलं, आता ही बोलणार, आणि मी मनाशी ठरवलं की बोलली तर कबूल करायचं. पंच अजून खोलीतच होत्या. दार माझ्यापासून वीस पावलांवर होतं.

"मला माफ कर," सोलवर म्हणाली.

मी नाड्यांवरून हात काढला.

"मला वाटलं, तू सोडलंस. तू उठलीस असं मला दिसलं, म्हणून मी गेले. पण तू थांबलीस ती माझ्यामुळे, असं पंच म्हणाल्या. माझ्याच डोळ्यांचा घोटाळा झाला असणार. घरी पण सगळे म्हणतात, मी फार घाई करते." तिने हात पुढे केला. "तुझी शर्यत मी घालवत होते."

तिचा हात तसाच पुढे होता. मी तो धरला. थंडगार होता.

"असू दे," मी म्हणाले. "पुढच्या वेळी नीट बघत जा."

"हो," ती म्हणाली.