लाल पट्ट्याचा घोर

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. तायक्वांदो शिकणारी मुले कमरेला बांधतात, तसला. माझा रंग लाल आहे, म्हणजे होता. घामाने तो विटला, कडा झिजल्या, आणि गाठ बसते त्या जागी तर मी भाजक्या विटेसारखा दिसतो. पट्ट्याला जीव नसतो, असे माणसे म्हणतात. नसेलही. पण घोर लागायला जीवच असावा लागतो असे थोडेच आहे? मला तर कायम घोर लागून राहिला.

माझा जन्म जालंधरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. सुती कापडाच्या घड्या एकीवर एक बसवल्या, वरून लाल कापड चढवले आणि मशीनने या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ शिलाया मारल्या. मग खोक्यात बसून मी नाशिकला आलो. खोक्यात माझ्याबरोबर पिवळे, हिरवे, निळे असे भावंडांसारखे पट्टे होते. पंचवटीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये रंगनाथ सर संध्याकाळी क्लास घेत. त्यांच्या कपाटात आम्ही राहिलो.

एकदा परीक्षेनंतर सरांनी आम्हाला टेबलावर मांडले आणि मुलांना रंग समजावून सांगितले. "पांढरा म्हणजे कोरी पाटी. पिवळा म्हणजे माती. हिरवा म्हणजे रोप. निळा म्हणजे आभाळाकडे निघालेलं झाड." मग त्यांनी मला उचलले. "आणि हा लाल. लाल म्हणजे धोका. हा समोरच्याला सांगतो, जपून राहा. आणि ज्याच्या कमरेला आहे त्याला सांगतो, स्वतःला आवर. तुमच्या पायात आता ताकद आली आहे. तिला लगाम बसायचा बाकी आहे."

माझा घोर तिथूनच सुरू झाला. माझी भावंडे माती झाली, रोप झाली, झाड झाली. मीच तेवढा धोका!

त्याच दिवशी सरांनी मला प्रतिभाच्या कमरेला बांधले. प्रतिभा दहावीत होती. मखमलाबादला तिच्या घरची शेती आहे. झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर. लहानपणापासून बांधावरून उड्या मारत वाढलेली पोर. तिचे पाय मुळातच काटक. पहिला पट्टा बांधल्यापासून इथवर यायला तिला चार वर्षे लागली होती. ती मला घालूनच घरी गेली. तिची आजी आक्काबाई खळ्यात गजरे ओवत बसली होती. तिने मला हातात घेऊन पाहिले आणि शेजारणीला हाक मारली, "बघ गं, आमच्या पोरीला लाल मिळाला! आता एकच राह्यलाय वरचा." त्या दिवसांत प्रतिभा मला घडी घालून उशाशी ठेवायची. क्लासमधली लहान मुले माझ्याकडे टकामका बघायची. मला फार बरे वाटे, आणि मनात धाकधूकही असे.

प्रतिभाची मैत्रीण होती आरोही. वर्गही एक आणि क्लासही एक. आरोहीचा पट्टा निळा होता, पण ती चपळ होती, हसरी होती. तिची आई सुवर्णाकाकू हिचे पंचवटीत पूजासाहित्याचे दुकान आहे. काकू दोघींना एकाच स्कूटीवर क्लासला सोडायची. दोघी एकमेकींचा डबा खायच्या. सरावातही जोडी ठरलेली, प्रतिभासमोर आरोही.

ती संध्याकाळ मी विसरू शकत नाही. दोघींची लढत चालली होती. साधा सराव असल्याने छातीला चेस्ट गार्ड होते, डोक्याला काही नव्हते. आरोहीला त्या दिवशी सगळे जमत होते. तिने प्रतिभाला लागोपाठ दोनदा चकवले आणि छातीवर लाथ बसवली. कडेला बसलेली मुले हसली. कुणीतरी ओरडले, "अरे, निळ्याने लालला धुतलं!" प्रतिभाचे पोट माझ्याखाली दगडासारखे घट्ट झाले.

"थांबा!" सर म्हणाले.

आरोहीने हात खाली घेतले आणि हसत मागे वळू लागली. प्रतिभाचा पाय मात्र सुटलाच. तो आरोहीच्या जबड्यावर बसला. ती आडवी झाली आणि तिचे डोके मॅटबाहेरच्या फरशीवर आपटले. तो आवाज नारळ फुटावा तसा होता.

नंतर जी धावपळ झाली ती मी प्रतिभाच्या कमरेवरूनच पाहिली. रिक्षा, दवाखाना, तिथला लांबलचक व्हरांडा. कपडे बदलायचे कुणाला भान होते? सुवर्णाकाकू धावत आली. आरोहीला आत नेले होते. काय घडले ते क्लासच्या मुलांनी काकूला सांगितले होते. काकूने प्रतिभाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"हात खाली होते तिचे," काकू म्हणाली. "दिसले नाहीत तुला?"

प्रतिभाने दोन्ही हातांनी मला झाकले.

आरोही वाचली, मित्रांनो. पण मेंदूला हादरा बसला होता. कित्येक महिने तिला वाकले की गरगरायचे. डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितला. तिने क्लास सोडला आणि दोघींचे बोलणेही संपले. दुकानाजवळ नजरानजर होऊ नये म्हणून प्रतिभा पंचवटी कारंजावरून वळसा घालून क्लासला येऊ लागली. त्या रस्त्यावर ती मला पिशवीच्या तळाशी कोंबायची.

सरांनी त्यानंतर प्रत्येक सरावाला हेड गार्ड सक्तीचे केले. प्रतिभाला ते रागावले, पण काढून टाकले नाही. तिनेही एक दिवस चुकवला नाही. मात्र तिच्यात काहीतरी मोडले होते. हवेत ती सुंदर लाथ मारायची. पूमसे, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, ती डोळे मिटूनही बिनचूक करायची. पण समोर माणूस उभे राहिले की पाय अर्ध्यावरच गळून पडायचा. जोडीदार बदलून पाहिले, काही उपयोग झाला नाही. मला मारलेली गाठ ती सोडायची आणि पुन्हा मारायची. आज काय होणार, पाय थांबणार की पुन्हा सुटणार, याची धास्ती तिला असे तशीच मलाही.

ती काळ्या पट्ट्याच्या परीक्षेला बसली आणि नापास झाली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झाले. सर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "प्रतिभा, लाथ थांबवणं वेगळं आणि लाथ थांबणं वेगळं. तू थांबवत नाहीस. भीती तुला थांबवते. ज्या पायावर तुझाच ताबा नाही, त्याला मी काळा पट्टा कसा देऊ?"

तिच्यामागून आलेली मुले काळे पट्टे बांधू लागली. आक्काबाईला राहवले नाही. "काय गं, तुझा लाल उतरतच नाय का? ती एवढीएवढीशी पोरं काळे बांधून हिंडत्यात." प्रतिभाने क्लासची पिशवी कोपऱ्यात टाकली. मी तेव्हा ओल्या टॉवेलखाली चुरगळून पडलो होतो. घडी घालण्याचे दिवस कधीच गेले होते.

मग दसऱ्याच्या आधीची एक सकाळ आली. मळ्यात झेंडूची तोडणी चालली होती. माझा कुबट वास येऊ लागला म्हणून आक्काबाईने मला पेरूच्या फांदीवर वाळत टाकले होते. बांधावर एक स्कूटी थांबली. सुवर्णाकाकू उतरली. फुले न्यायला आली असेल असे सगळ्यांना वाटले, पण ती थेट प्रतिभाकडे गेली. प्रतिभाच्या हातातली फुलांची पाटी तशीच राहिली.

"आरोहीला परत क्लासला यायचंय," काकू म्हणाली. "डॉक्टरांनी हो म्हटलंय. मी नाही म्हणून पाहिलं, पण ती ऐकत नाही. तेव्हा तुला सांगायला आले. तिच्यासमोर सरावाला तू उभी राहा."

"मी?" प्रतिभा कशीबशी म्हणाली. "काकू, मी कशी...?"

"दुसऱ्या पोरींना काय माहीत, लाथ लागली की पुढे काय होतं? तुला माहीत आहे."

प्रतिभाने पाटी खाली ठेवली. "काकू, एक सांगायचंय. मग तुम्ही ठरवा." ती थांबली. "त्या दिवशी सर 'थांबा' म्हणाले ते मला ऐकू आलं होतं. पोरं हसली म्हणून मला राग आला होता. ऐकूनसुद्धा मी पाय जाऊ दिला."

मित्रांनो, मी फांदीवर हललो नाही. वारा होता, तरी हललो नाही. काकूने झेंडूच्या वाफ्याकडे तोंड फिरवले. स्कूटीची किल्ली तिने मुठीत आवळली. मला वाटले, आता ही हात उगारणार.

"मला वाटलंच होतं," शेवटी काकू म्हणाली. "आई आहे मी. सगळे म्हणत होते, चुकून झालं. मला ते कधी पटलं नाही." मग तिने प्रतिभाच्या डोळ्यांत पाहिले. "आता कुणी थांब म्हटलं तर थांबशील?"

"थांबेन."

"मग शनिवारी आणते तिला."

शनिवारी हॉलमध्ये आरोही आली. उंच झाली होती, थोडी अंगानेही भरली होती. तिने तोच निळा पट्टा बांधला होता. काकू भिंतीशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली आणि पर्स पोटाशी घट्ट धरून राहिली. सरांनी दोघींची गार्डे स्वतः तपासली.

लढत सुरू झाली. आरोही पुढे आली, प्रतिभा मागे सरकली. आरोहीने लाथ मारली, प्रतिभाने ती अंगावर घेतली. पुन्हा मारली, पुन्हा घेतली. प्रतिभाचा पाय उठायचा आणि गुडघ्यातच मरायचा. शेवटी आरोही चिडली.

"प्रतिभा, मी काय काचेची आहे का गं? दोन वर्षं सगळे मला असंच धरतायत. घरी जिना चढू देत नाहीत एकटीला. तूही तसंच करणार असशील तर मी कशाला आले?"

"तुला लागलं तर?"

"लागेल. खेळ आहे हा. मारू नको असं नाही म्हणत मी. बघून मार."

प्रतिभाने एक खोल श्वास घेतला. तो माझ्या सगळ्या शिलायांना जाणवला. तिने आरोहीकडे नीट पाहिले. हात कुठे आहेत, पाय कुठे आहेत, नजर कुठे आहे. आणि तिचा पाय गेला. चेस्ट गार्डवर दणका बसला. आरोही दोन पावले मागे हेलपाटली. काकू खुर्चीतून उठली.

आरोही उभी होती. "हां," ती म्हणाली, "आत्ता कसं!"

मग खरी लढत रंगली. दोघी घामाने निथळल्या. प्रतिभाने गिरकी घेतली, पाय आरोहीच्या हेड गार्डच्या रोखाने उंच निघाला, आणि नेमके तेव्हाच सर म्हणाले, "थांबा!"

मला वाटले, माझी शिवण उसवेल. प्रतिभाचे सगळे पोट, कंबर, पाठ एका क्षणात आवळली. पाय आरोहीच्या कानाजवळ वीतभर अंतरावर थांबला. तो गळून पडला नव्हता. तिने तो धरून ठेवला होता. थोडा वेळ तसाच ठेवून तिने तो सावकाश खाली आणला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकू परत खुर्चीवर बसली आणि तिने पर्समधून रुमाल काढला.

त्या वर्षीच्या परीक्षेत प्रतिभाला काळा पट्टा मिळाला. सरांनी मला तिच्या कमरेवरून सोडवले. आक्काबाईने काळ्या पट्ट्याला हळदकुंकू लावले आणि मी कपाटात गेलो. जुन्या ओढण्यांखाली, अंधारात. कुणाच्या तोंडी माझे नाव नाही की कुणाला माझी आठवण नाही. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटले. पण सुटल्यासारखेही वाटले. आता माझ्या नावावर कुणाचे दुखणे नको होते.

अलीकडेच प्रतिभाने ते कपाट उघडले; मागे आरोही आणि काकू उभ्या होत्या. आरोही लाल पट्ट्याची परीक्षा पास झाली होती. सुवर्णाकाकू तिला म्हणत होती, "नवा घेऊ की. जुना कशाला?"

"नवा कडक असतो गं आई. गाठ सारखी सुटते. हा मऊ झालाय, बसतो नीट."

प्रतिभाने मला ओढण्यांखालून बाहेर काढले. तिने मला झटकले, दोन्ही टोके जुळवून पाहिली आणि मग स्वतः आरोहीच्या कमरेला बांधले. गाठ दोनदा ओढून पाहिली.

मित्रांनो, पट्टा जमिनीवर टाकू नये, पट्ट्यावर पाय देऊ नये, असे तुम्हाला शिकवले असेल. ते पाळा. पण माझी विनवणी वेगळी आहे. जो तुमच्यासमोर सरावाला उभा राहतो, तो आपले अंग तुमच्या भरवशावर सोडतो. माझ्याआधी त्याला जपा. आणि तुमच्या पायाने कधी कुणाला दुखवले, तर तोंड लपवून वळसा घालत फिरू नका. जाऊन खरे ते सांगा. पट्टा बदलायला वर्ष पुरते, सांगायला लागणारे धैर्य लवकर येत नाही.

माझा घोर काही संपलेला नाही. आज क्लासमध्ये आरोहीसमोर हिरव्या पट्ट्याची एक मुलगी उभी आहे, तिच्या खांद्यालाही न पोचणारी. सरांनी सुरू म्हटले आहे. त्या लहानीच्या हेड गार्डचा हनुवटीखालचा बंद सैल आहे, ती गडबडीने तो लावू पाहते आहे आणि तिला तो लागत नाही. आरोहीने उचललेला पाय खाली घेतला. ती पुढे झाली, गुडघ्यावर बसली, आणि तिने तो बंद लावून दिला.