खांबमहाराजांची तापणारी पूड

"तापली! पूड तापली! महाराजांचं तेज तिच्यात उतरलं!"

पार्किंगमध्ये एकच गलका झाला. भूकंपात इमारत टिकून राहिली होती, पण मधल्या खांबाच्या माथ्याभोवती छताला गोल भेग पडली होती. खांबमहाराज म्हणवणाऱ्या बाबांनी पांढरी पूड पाण्यात कालवून भेगेवर लिंपली, 'स्थिर हो, स्थिर हो' असं पुटपुटले, आणि बघता बघता पूड गरम होऊन दगडासारखी टणक झाली.

"खुशाल वर जाऊन झोपा! खांब माझा शब्द मोडत नाही," महाराज गरजले.

लोकांनी अंगणातली अंथरुणं गुंडाळली. अण्णांनीही गादी खांद्यावर घेतली. त्यांची सून छातीशी बांधलेल्या बाळाला थोपटत मागे उभी होती. इमारती बांधणारी इंजिनियर, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. शेजारची पोरं जिन्याकडे धावली, तशी ती पुढे झाली.

"थांबा! हे प्लास्टर आहे. हाड मोडल्यावर डॉक्टर लावतात तेच. पाणी लागलं की ते तापतं आणि घट्ट होतं. कुणीही कालवा."

तिनं किल्लीनं खरवडलं. खपली पडली, आणि किल्ली भेगेत आत गेली.

"श्रद्धा नसली की भेग परत येते," महाराज म्हणाले.

"गेली कुठं होती?" तिनं विचारलं.

कुणीतरी फिसकन हसलं.

तिनं बाळाच्या सामानातल्या डायपरच्या खोक्याचं झाकण आडवं धरलं आणि खालून छत्रीचं टोक दाबलं. ते आरपार गेलं. मग झाकण दुमडून जाड केलं आणि टोक पुन्हा दाबलं. गेलं नाही.

"भूकंपात, वादळात इमारत डुलते, तेव्हा खांब छताला असाच भोसकू बघतो. म्हणून खांबाच्या माथ्यावर छत जाड करतात, आत लोखंडी कड्या घालतात. उंच गाड्यांचे टप घासतात म्हणून आपण सगळ्यांनी मिळून तीच जाडी ड्रिलनं फोडून काढली."

"तुला कळत होतं ना गं? मग तेव्हा का नाही बोललीस?" अण्णांनी विचारलं.

तिनं बाळाच्या टाळूवर हात ठेवला.

"ड्रिलचा आवाज ऐकला होता, अण्णा. हा नुकताच झोपला होता. मी... मी उठून खिडकी लावून घेतली."

ती लोकांकडे वळली.

"माझ्यावर हवं तेवढं रागवा. पण छत मंत्रानं राहत नाही, सिमेंट-लोखंडानं राहतं. टेकू लावून तपासणी होईपर्यंत कुणी वर जाऊ नका. हात जोडते."

अण्णांनी गादी पुन्हा अंगणात टाकली.

"बाळाला दे इकडे," ते म्हणाले, "आणि टेकू कुठं मिळतात, तिथं आत्ता फोन लाव."